सायलेंट शटरवर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात, तेही १/४००० शटर स्पीड ठेवूनही. काय करावं?

शटर स्पीड वाढवून हा दोष जाणार नाही. सायलेंट म्हणजेच इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल शटर लावा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. प्रत्येक ओळीला प्रकाश १/४००० सेकंदच मिळतो, म्हणून पिसं स्पष्ट दिसतात; पण अख्खी फ्रेम वाचून व्हायला बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांना १/१५ ते १/६० सेकंद लागतो, आणि तेवढ्यात खंड्याचा पंख बराच खाली आलेला असतो. मेकॅनिकल शटरचा पडदा हेच अंतर साधारण १/२५० सेकंदात कापतो. कॅमेरा पक्ष्यासोबत फिरवताना मागची झाडं तिरकी दिसतात, त्याचंही कारण हेच. ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’ (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट मेकॅनिकल पडद्याने) हा पर्याय पंखांसाठी चालतो, मात्र लेन्सचं छिद्र जास्त उघडणाऱ्या मोठ्या अ‍ॅपर्चरवर १/२००० च्या पुढे त्यात मागचा धूसरपणा कापल्यासारखा दिसू शकतो. तिथे पूर्ण मेकॅनिकलच बरं.

स्टॅक्ड सेन्सर (थरांची रचना असलेला, खूप वेगाने वाचणारा सेन्सर) असेल तर ही चिंता जवळपास संपते: निकॉन झेड ९ (२०२१) इतक्या वेगाने वाचतो की त्यात मेकॅनिकल शटरच ठेवलेलं नाही. सोनी ए९ थ्री (२०२३) सगळे पिक्सेल एकदमच टिपतो, पण त्याचा किमान मूळ आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) २५० आहे.

पाणवठ्यावर बसलेला वाघ किंवा ढोलीतला पिंगळा असेल, तर मात्र सायलेंटच वापरा. प्राणी दचकत नाही, हा या तंत्राचा सर्वांत मोठा फायदा आहे.