‘श्वासनलिका काढली’ की ‘श्वासाची नळी काढली’?

प्रश्न नाशिकहून आलाय. सिडकोतल्या एका काकांची बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, ‘अर्ली एक्स्ट्युबेशन झालंय, रिकव्हरी फास्ट होईल.’ (एक्स्ट्युबेशन म्हणजे यंत्राने श्वास देण्यासाठी घशात घातलेली नळी काढणं.) पुतणीने मराठी करून घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘काकांची श्वासनलिका लवकर काढली.’ निफाडच्या आत्या फोनवर रडायलाच लागल्या. वाक्यात चुकलं काय, असं पुतणी विचारते.

आत्यांनी वाचलं ते बरोबरच वाचलं. श्वासनलिका हा शरीराचा भाग. पित्ताशय काढलं, गर्भाशय काढलं, तशीच ही काढली असं कुणालाही वाटणार. ‘काढणे’ला सगळं सारखंच, टाके काढतात तशी दाढही काढतात. म्हणून फरक नामातच दाखवायला हवा. ‘श्वासनळी’नेही भागत नाही, तीही गळ्यातलीच. समास सोडवून ‘श्वासाची नळी’ म्हटलं की बाहेरून घातलेली वस्तू डोळ्यांपुढे येते. (‘नळी फुंकली सोनारे’तली नळी घरात असताना नलिका हवीच कशाला?) ‘व्हेंटिलेटर काढला’ हे तर टाळाच. ‘कारखाना व्हेंटिलेटरवर’ छापाचे मथळे वाचून मुरलेल्या कानांना ते ‘आशा सोडली’ असं ऐकू येतं.

ही नळी तोंडातून, स्वरयंत्राच्या दोन पडद्यांमधून खाली जाते. म्हणून ती असेपर्यंत बोलता येत नाही आणि निघाल्यावरही आवाज थोडा काळ बसलेला राहतो. खालच्या टोकाशी छोटा फुगा असतो. आधी घशातला कफ ओढून घेतात, फुग्यातली हवा सोडतात, रुग्णाला खोकायला सांगतात आणि नळी बाहेर.

‘लवकर काढली’ला मात्र घाईचा वास येतो. पूर्वी हृदयाच्या ऑपरेशनला मॉर्फिनच्या जातीची औषधं भरपूर देत आणि रुग्णाला रात्रभर यंत्रावर झोपवून ठेवत. १९९० च्या दशकात हे डोस कमी होऊ लागले. आता रुग्ण जागा आहे, सांगितलेलं ऐकतो, रक्तदाब स्थिर, रक्तस्राव आटोक्यात, अंग गार नाही, श्वास स्वतःचा नीट चालतोय, एवढं जमलं की ऑपरेशननंतर साधारण ६ तासांच्या आत नळी काढायचा प्रयत्न असतो. ‘अर्ली’ ते हेच. मग रुग्ण खोकून कफ टाकू शकतो, न्यूमोनियाची भीती कमी होते, आयसीयूतला मुक्कामही घटतो. तेव्हा ग्रुपवर लिहावं, ‘काका शुद्धीवर आले, संध्याकाळीच श्वासाची नळी काढली, आता स्वतः श्वास घेताहेत.’ ‘नळ्या काढल्या’ असं अनेकवचन नको. छातीतल्या, रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या अजून असतात.

राहिलं ‘फास्ट रिकव्हरी’. ‘जलदगती’ आपण न्यायालयांना देऊन बसलोय, आणि ‘पुनर्प्राप्ती’ म्हणजे चोरीला गेलेली मोटारसायकल सापडली. साधं ‘लवकर हिंडू-फिरू लागतील’ म्हणा.