साक्ष दिलेला माणूस पुन्हा पडला तर?

वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

प्रश्न: सलाम काका. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे, वय ३४. पाच वर्षं दारूला हात लावला नव्हता, गेल्या उपवासकाळात मंडळीपुढं उभं राहून देवानं दारू सोडवली अशी साक्षपण दिली, लोकं रडली. त्यानंतर कारखान्यात ऑर्डरी कमी झाल्या, ओव्हरटाइम बंद झाला, आई पडली, तिच्या खुब्याचं ऑपरेशन, त्यात गाडीचा हप्ता. एका संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर पोरांबरोबर बसलो आणि तिथनं जे सुरू झालं ते आता थांबंना झालंय, रोज लागते. तरुण संघाच्या नाताळच्या वर्गणीतले ९ हजार माझ्याकडं होते तेपण गेले. अजून कुणाला माहीत नाही. उपासनेला जायचं बंद केलंय, बायको पोरांना घेऊन जाते, मी शिफ्ट आहे म्हणून सांगतो. प्रार्थनेला बसलो की शब्दच येत नाहीत. देव आता माझं ऐकतो का? आणि मंडळीत कुठल्या तोंडानं जाऊ?
एक वाचक, कसबा बावडा

उत्तर: सलाम रे बाबा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, ऐकतो. त्यावर जास्त लिहीत बसत नाही कारण तुझं पत्र दोनदा वाचल्यावर मला असं वाटायला लागलंय की तुला देवाची भीती कमी आणि मंडळीतल्या बाकांची जास्त आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करूया. ऑर्डरी, आईचं ऑपरेशन, हप्ता आणि दारू हे सगळं तू एका दमात लिहिलंयस. पहिल्या तीन गोष्टी तुझ्यावर आल्या, चौथी तू केलीस. याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय काढ, त्यात दोन्ही आहे, सुरुवातीला संकटं आली तर धीर धरा म्हणतो आणि थोडं पुढं गेलं की सांगतो की मोहात पडल्यावर देवानं पाडलं असं म्हणू नका, माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो. हे दोन एकत्र कालवलं की माणूस एकतर सगळ्याला परिस्थिती म्हणून मोकळा होतो नाहीतर आईचा खुबा मोडला तोपण माझ्या पापामुळंच असं धरून बसतो. दोन्ही खोटं.

आता पेत्र, येशूचा तो शिष्य ज्यानं त्याला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं. तुला वाटेल झालं, काका पेत्र काढणार हे माहीतच होतं, पण जरा थांब, त्या गोष्टीतला जो भाग आपण घाईत वाचतो तोच मला सांगायचाय. लूकच्या २२व्या अध्यायात जेवणाच्या मेजावर येशू त्याला सांगतो की सैतानानं तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीय, आणि तू वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. हे सगळं त्यानं नाकारायच्या, कोंबडा आरवायच्या आधी. म्हणजे पडायच्या आधीच त्याच्यासाठी प्रार्थना झालेली होती आणि उठल्यावर करायचं कामसुद्धा सांगून ठेवलेलं होतं. पेत्राला मात्र तेव्हा ते ऐकायचंच नव्हतं, तो म्हणतोय मी तुझ्याबरोबर तुरुंगात यायला, मरायलापण तयार आहे.

आणि तो थापा मारत नव्हता हे लक्षात घे. त्याच रात्री त्यानं शिपायांसमोर तलवार उपसली, महायाजकाच्या दासाचा कान कापला. म्हणजे धाडस होतंच. पडला कुठं तर अंगणात विस्तवापाशी ऊब घेत उभा असताना, एका दासीनं तू येशूबरोबरचा ना असं विचारलं तेव्हा. तूपण पाच वर्षं लग्नाच्या वरातीत, यात्रेत, सगळीकडं उभा राहिलास आणि एका साध्या संध्याकाळी टपरीमागं बसलास. म्हणून तुझी साक्ष खोटी होती असं कुणी म्हणत असेल, किंवा तूच रात्री स्वतःला म्हणत असशील, तर ते बंद कर. त्या दिवशी ती खरीच होती.

त्याच रात्री आणखी एकजण पडला. येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या यहूदाला पश्चात्ताप झाला नाही असं आपण समजतो, पण मत्तय २७ मध्ये लिहिलंय की त्याला पस्तावा झाला, त्यानं ३० रुपये परत नेऊन दिले, मी निर्दोष रक्त धरून दिलंय असं तोंडानं कबूलपण केलं. मग राहिलं काय? तो गेला महायाजकांकडं, ते म्हणाले आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघून घे, आणि तो तिथनं एकटाच बाहेर पडला. पेत्रपण बाहेर जाऊन ढसाढसा रडला, पण आठवड्याच्या पहिल्या दिवशी सकाळी बायका कबरेकडून परत येतात तेव्हा तो कुठं सापडतो, तर बाकीच्यांमध्ये. ज्यांच्यासमोर मोठ्या तोंडानं बोलला होता त्यांच्यातच. कसा गेला असेल त्या घरात, काय बोलला असेल दारात, शास्त्रात काही लिहिलेलं नाही. पण गेला. आणि मार्कात देवदूत बायकांना निरोप देतो तो असा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. नाव वेगळं घेतलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तू घरात बसून आधी नीट होणार, चार महिने कोरडा राहणार आणि मग ताठ मानेनं उपासनेला येणार, असला जो काही बेत तुझ्या डोक्यात आहे तो सोड. होत नाही तसं. माणसांत परत आल्यावरच तू नीट व्हायला लागशील.

आता माणसांत म्हणजे माईकवर नाही. आमच्या मंडळ्यांत एक वाईट खोड आहे (सगळ्यांना राग येईल पण लिहितो), आम्हाला साक्ष हवी असते ती जिंकलेल्याची, पूर्वी प्यायचो आता नाही, टाळ्या, पुढचं गीत. जो मधेच आहे, अजून लटपटतोय, त्याला उभं राहायला जागाच नसते. त्यामुळं पुन्हा पडलेला माणूस पहिल्यांदा काय करतो तर खोटं बोलतो, शिफ्ट आहे म्हणतो.

पहिलं बायकोला सांग. आज. तिला कळलेलं नाही असं तुला वाटतं, पण बायकांना वासावरनं सगळं कळतं, ती फक्त तू कधी बोलतोस त्याची वाट बघत असेल. मग वडीलजनांपैकी ज्याचं तोंड बंद राहतं असा एक धर, पाळकसाहेबांशी जमत असेल तर पाळकसाहेब, आणि त्याच्याबरोबर जाऊन तरुण संघाच्या खजिनदाराला ९ हजारांचं सांग, महिन्याला हजार देतो म्हण आणि ते लिहून दे. येशू घरी आल्यावर जक्कय जकातदार लुबाडलेलं चौपट परत द्यायला निघाला होता, तू निदान एकपट तरी दे. हे पैसे फिटेपर्यंत वर्गणीची वही हातात घेऊ नकोस, कुणी प्रेमानं दिली तरी नको. पदाचं बघू नंतर. योहान २१ मध्ये येशूनं पेत्राला कामाचं विचारायच्या आधी किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासे-भाकरी खायला घातली आणि मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. तीनदा नाकारलेल्याला तीनदा. पेत्राला वाईट वाटलं असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे बरं होताना दुखतं, त्याला घाबरू नकोस.

आणि दारूचं. प्रार्थना कर, पण डॉक्टरकडंपण जा, हे अविश्वासाचं लक्षण नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर थरथर सुटते, घाम फुटतो, कधी फिट येते, भास होतात, जिवावर बेतू शकतं, तेव्हा मनानंच बाटली फोडून बसू नकोस. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं दाखव. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांची चौकशी कर, फी नसते, नाव विचारत नाहीत. ते सगळं १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांपासून सुरू झालं, एक शेअर बाजारातला आणि एक डॉक्टर, एकानं दुसऱ्याशी बसून बोलायचं आणि त्या दिवसापुरतं टिकायचं. एकट्यानं त्या दोघांनाही जमलं नव्हतं.

परत घसरलास तर? घसरशीलही. पेत्र अंत्युखियात पुन्हा माणसांना भिऊन वागला, यहुदी नसलेल्या विदेश्यांबरोबर जेवायचं सोडून बाजूला झाला, आणि पौलानं सगळ्यांदेखत त्याला झापला, गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पूर्वीचीच खोड, माणसांची भीती. तरी त्याला कुणी मंडळीतनं काढून टाकलं नाही. तशी वेळ आली तर बायकोला आणि त्या वडिलाला त्याच दिवशी फोन कर, पुढच्या रविवारची वाट बघू नकोस.

प्रश्न: काका, आमचं गाव शिरोळ तालुक्यात. २०१९ च्या पुरात घर गेलं, २०२१ ला पुन्हा पाणी आलं, त्यातनं उभं राहतोय तोवर मिस्टरांच्या किडन्या गेल्या, आठवड्याला दोनदा डायलिसिस. प्रार्थनासभेतल्या एक भगिनी म्हणाल्या घरात काहीतरी लपलेलं पाप असणार, शोधा. मी रोज शोधतेय. आता प्रार्थनेचापण कंटाळा आलाय.
एक भगिनी

उत्तर: ताई, शोधायचं थांबवा. ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर चांगले होते, तुझंच पाप असणार असं बोलायला लागले आणि बिघडले, आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली तेव्हा ती जास्त पापी होती का असं येशूनं विचारलं आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं. त्या भगिनींना हे दोन उतारे दाखवा, नाहीतर माझं नाव सांगा.

कंटाळ्याचं म्हणाल तर एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, उठ खा म्हणाला, भाकर आणि पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. तुम्ही शेवटचं पोटभर कधी झोपलात? डायलिसिसच्या एका दिवशी तरी मिस्टरांबरोबर मंडळीतलं दुसरं कुणीतरी बसू दे, महिला मंडळाला सरळ तसं सांगा, नुसतं प्रार्थना करा म्हणू नका. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं कार्ड बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, अजून विचारलं नसेल तर.

शब्द येत नसले तर स्तोत्र ८८ वाचा. त्याचा शेवट अंधारातच होतो, गोड केलेला नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग बहीण, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा, आणि १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा. स्वतः १९२२ ला गेल्या, तोवर शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम चालूच होतं. त्यांच्या घरात कुठलं पाप शोधायचं हो?

प्रश्न: मी कॉलेजला आहे. घरी खोटं बोलायची सवय जात नाही, दर वेळी क्षमा मागते आणि परत तेच. उपासनेतलं प्रभुभोजन, भाकर आणि प्याला, घ्यावं की नको? गेल्या दोन वेळी मागं बसून राहिले.
राजारामपुरी

उत्तर: पौलानं करिंथकरांना लिहिलंय की माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकरीतून खावं. परीक्षा करावी आणि मागं बसावं असं लिहिलेलं नाही. शनिवारी आईला त्यातलं एक खोटं खरं करून सांग, ओरडेल, ओरडू दे, आणि रविवारी पुढं ये.