प्रायश्चित्त ‘घेतले’ की ‘केले’?

दादरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. एका माहितीपटाची मराठी उपशीर्षके तपासताना त्यांच्यापुढे ‘येशूने माणसांच्या पापांचे प्रायश्चित्त केले’ हे वाक्य आले. सहकाऱ्याने ते खोडून ‘प्रायश्चित्त घेतले’ असे लिहिले, कारण मराठीत प्रायश्चित्त घेतात. वाचकांची शंका त्याहून खोल आहे. ज्याच्या हातून पाप घडले त्यानेच प्रायश्चित्त घ्यायचे असते, मग दुसऱ्याच्या पापाचे प्रायश्चित्त कोणी कसे करील? पुढे त्याच संहितेत येशूने ‘आपला जीव खंडणी म्हणून दिला’ असेही आहे. हे सगळे भाषांतरातले घोटाळे आहेत का, असे त्यांनी विचारले आहे.

‘केले’ हेच बरोबर आहे. ‘घेतले’ लिहिले तर अर्थाचा अनर्थ होतो. ‘त्याने प्रायश्चित्त घेतले’ म्हटले की मराठी कान लगेच विचारतो, त्याने काय केले होते? म्हणजे पाप थेट येशूच्या माथी येते. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात (४:१५) तो सर्व बाबतींत आपल्यासारखा पारखला गेला, पण पापरहित राहिला, असे स्पष्ट म्हटले आहे. वधस्तंभाचा, म्हणजे क्रूसाचा, सारा ख्रिस्ती अर्थ त्या एका गोष्टीवर उभा आहे.

शंका मात्र रास्त आहे, कारण शब्द आपल्याकडे हिंदू धर्मशास्त्रातून आला. ‘प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते’ ही त्याची परंपरागत फोड. प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. निश्चय ज्याचा त्याने करायचा, तपही त्यानेच. प्राजापत्य कृच्छ्र हे प्रायश्चित्ताचे व्रत घ्या. एकूण १२ दिवस: ३ दिवस फक्त सकाळी जेवायचे, ३ दिवस फक्त रात्री, ३ दिवस न मागता मिळेल तेवढेच आणि शेवटचे ३ दिवस निराहार. हे दुसऱ्याच्या पोटाने होत नाही. म्हणून शास्त्री प्रायश्चित्त ‘देतात’ आणि दोषी ते ‘घेतो’. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रण माजले, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त ‘घेतले’ असेच आपण म्हणतो.

बायबलच्या मराठीत हाच शब्द वेगळ्या विधीसाठी वापरला आहे आणि तिथे कर्ता बदलतो. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात पुन्हा पुन्हा येते की याजकाने, म्हणजे पुरोहिताने, त्या माणसासाठी प्रायश्चित्त करावे, म्हणजे त्याला क्षमा होईल. करणारा याजक, लाभ दोषी माणसाला. मूळ हिब्रू धातू ‘क-प-र’, त्याचा अर्थ झाकणे, पुसून काढणे असा घेतात. यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचे ‘योम किप्पूर’ हे नाव याच धातूचे. हा यहुदी पंचांगातल्या सातव्या महिन्याचा दहावा दिवस. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, घरी तो कडक उपवासाने पाळतात, त्यामुळे मुंबईला आणि कोकणाला तो परका नाही.

त्या दिवसाचा विधी लेवीय १६ मध्ये पायरीपायरीने दिला आहे. प्रमुख याजक आधी स्वतःसाठी आणि आपल्या घराण्यासाठी गोऱ्हा अर्पण करतो. लोकांसाठी दोन बकरे असतात. चिठ्ठी टाकून एक परमेश्वरासाठी ठरतो आणि त्याचा बळी होतो. त्याचे रक्त पडद्याच्या आत नेऊन कराराच्या कोशाच्या, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीच्या, झाकणावर आणि झाकणापुढे शिंपडायचे. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक लोकांची पापे कबूल करतो आणि तो बकरा जिवंतच रानात सोडला जातो. ते झाकण शुद्ध सोन्याचे, अडीच हात लांब, दीड हात रुंद. मराठी बायबल त्याला ‘दयासन’ म्हणते, आणि हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मशीद बंदरजवळ सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली उभारलेल्या सिनेगॉगच्या (यहुदी प्रार्थनामंदिराच्या) नावाचा अर्थही ‘दयेचे द्वार’ असाच आहे.

रोमकरांस पत्रात (३:२५) प्रेषित पौल येशूच्या मृत्यूबद्दल लिहितो तेव्हा ‘हिलास्तेरिओन’ असा ग्रीक शब्द योजतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द त्या झाकणासाठी आहे. मराठीत रोमकरांस पत्रात ‘प्रायश्चित्त’ आणि इब्री लोकांस पत्रात (९:५) ‘दयासन’ असे दोन शब्द आल्याने हा धागा वाचकाला दिसत नाही. तो धरला की ‘तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे’ हे योहानाच्या पहिल्या पत्रातले (२:२) वाक्य उलगडते. माणूस प्रायश्चित्त ‘आहे’ हे मराठीला अडखळवते खरे. पण इथे याजक तोच, अर्पण तोच आणि जिथे रक्त शिंपडायचे ती जागाही तोच. ‘करणे’ आणि ‘असणे’ ही दोन्ही क्रियापदे म्हणून चालतात. ‘घेणे’ आणि ‘भोगणे’ चालत नाहीत.

मग पापी माणसाने काहीच करायचे नाही का? करायचे असते, आणि गोंधळ इथेच होतो. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनानंतर धर्मगुरू जी प्रार्थना, उपवास किंवा दानधर्म सांगतो, त्यालाही मराठीत प्रायश्चित्तच म्हणतात. तिथे ‘घेतले’, ‘दिले’ ही क्रियापदे बिनधास्त वापरावीत. इंग्रजीत ख्रिस्ताच्या कार्याला अटोनमेंट आणि माणसाच्या कृतीला पेनन्स असे दोन शब्द आहेत. मराठीत दोन्ही ओझी एकाच शब्दावर पडली आहेत, तेव्हा फरक क्रियापदाने दाखवावा लागतो.

‘भोगणे’ का नाही, तेही पाहायला हवे. ‘प्रायश्चित्त भोगले’ लिहिताच आपल्या मनात ‘भोग’ जागा होतो, म्हणजे ज्याच्या त्याच्या कर्माचे फळ. येशूने दुःखाचा असा हिशेब दोनदा नाकारला. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? त्याने दोन्ही नाही म्हटले (योहान ९). शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेले, ते इतरांहून अधिक अपराधी होते असेही नाही, हे त्याने बजावले (लूक १३). म्हणून वधस्तंभावरच्या यातनांसाठी ‘दुःख सोसले’ किंवा ‘दुःखसहन’ लिहावे. ‘शिक्षा सोसली’ हेही चालते. यशया ५३ मधला सेवक दुसऱ्यांच्या अपराधांसाठी शिक्षा सोसतो. मात्र यावर पंथांचा भर सारखा नाही. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी शिक्षा आणि न्यायनिवाडा पुढे आणला. त्याआधी अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अन्सेल्मने देवाच्या मानाची भरपाई असा विचार मांडला होता. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मरणावरचा विजय अधिक गातात. माहितीपट कोणत्या पंथाचा आहे हे पाहून शब्द निवडावा.

न्यायाच्या बाबतीत एक अडचण आहे. ‘मला न्याय मिळाला’ म्हणजे निकाल माझ्या बाजूने लागला, असे आपण समजतो. बायबलमधला ‘न्यायाचा दिवस’ तसा नाही. तिथे झाडाझडती आहे, दोषी ठरण्याची शक्यता आहे. उपशीर्षकात ‘न्यायनिवाडा’ लिहिले तर गैरसमज टळतो. रोमकरांस पत्रातला (८:१) ‘दंडाज्ञा’ शब्द तसाच ठेवावा. नुसता ‘दंड’ लिहाल तर प्रेक्षकाला वाहतूक पोलिसाची पावती आठवेल.

आता खंडणी. मार्क १०:४५ मध्ये ग्रीक शब्द ‘लुत्रोन’ आहे, म्हणजे गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत. भाषांतर चुकलेले नाही. पण मराठेशाहीतल्या खंडणीत तलवारीचा धाक होता आणि आजच्या मुंबईत तर खंडणी म्हटले की व्यापाऱ्याला आलेला धमकीचा फोन आणि पोलिसांचे खंडणीविरोधी पथक. ही किंमत कोणाला दिली, हा वाद चर्चमध्येही जुना आहे. तिसऱ्या शतकात धर्मपंडित ओरिजेनने ‘सैतानाला’ असे सुचवले. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने ते धुडकावले. बायबलचे वचन जसेच्या तसे देत असाल तर ‘खंडणी’ राहू द्या, निवेदकाच्या तोंडी मात्र ‘सोडवणुकीची किंमत’ घाला. गंमत अशी की हिब्रूत सोडवणुकीच्या पैशाला ‘कोफेर’ म्हणतात आणि तोही ‘क-प-र’ धातूचाच. निर्गम ३० मध्ये शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने अर्धा शेकेल भरायचा आहे. श्रीमंताने अधिक नाही, गरिबाने कमी नाही. आणि हे पैसे जिवाच्या प्रायश्चित्तासाठी आहेत.

‘क्रूस’ आणि ‘वधस्तंभ’ दोन्ही योग्य. वांद्रे-वसईचे कॅथलिक क्रूस म्हणतात, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वधस्तंभ अधिक रुळलेला आहे. ‘सुळावर चढवले’ मात्र नको, ती वेगळी शिक्षा. आणि उपशीर्षके जाण्याआधी त दोनदा मोजून घ्या: प्रायश्चित्त, पश्चात्ताप. दोन्हींत तो जोडून येतो आणि दोन्हींत एकेक हमखास गळतो.