वडील पेपर वाचत होते

प्रश्न : डेव्ह पेल्झर या अमेरिकन लेखकाचं लहानपणीच्या छळाचं आत्मकथन, ‘अ चाइल्ड कॉल्ड इट’ (१९९५), वाचलं. छळ आईनं केला, पण मला चीड वडिलांची जास्त आली. असं का?

उत्तर : यात नवल नाही. आईच्या हातून पोटात सुरी लागल्यावर मुलगा वडिलांकडे जातो. ते पेपर वाचत बसलेले. जा, भांडी घासून टाक, म्हणतात. वर, तू मला सांगितलंस हे आईला कळू द्यायचं नाही, दोघांतलं गुपित! वाचवणं दूरच, स्वतःच्या भित्रेपणात त्यांनी पोरालाही सामील करून घेतलं. आणि पोरगं त्यातही माया शोधतं. मारणाऱ्या माणसाकडून मूल कधीतरी आशा सोडतं. गप्प बसणाऱ्याकडून सोडवत नाही. म्हणून ती जखम जास्त चिघळते, असं माझं मत.

प्रश्न : भावंडं असताना एकालाच का छळतात?

उत्तर : अशा घरात एक मूल रागाचं धनी ठरतं. बाकीच्यांना कळतं, तो आहे तोवर आपण सुरक्षित. मग ती चहाड्याही करतात. ५ मार्च १९७३ रोजी शाळेनं पोलिसांना कळवलं आणि बारा वर्षांच्या डेव्हची सुटका झाली. त्यानंतर आईचा मोर्चा आपल्याकडे वळला, असं धाकटा भाऊ रिचर्ड यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात लिहिलं. आपण डेव्हच्या चहाड्या करायचो, हेही.

प्रश्न : मग दुसऱ्या भावानं हे सगळं नाकारलं, ते कसं?

उत्तर : स्टीफन यांनी नाकारलं, हे खरं. बाहेरून निवाडा करायला मी धजावणार नाही. तपशील जुळले नाहीत म्हणजे कोणीतरी खोटारडा, असं नसतं. छापलंय म्हणून शब्द न् शब्द खरा, असंही नसतं.

प्रश्न : मी माझं लिहितेय. आई थकलीय. धाकटी बहीण म्हणते, उकरून काय मिळणार?

उत्तर : लिहा. छापायचं का, ते नंतर ठरवा. आईनं काय केलं ते लिहा. तिच्या मनात काय होतं ते तुम्ही ठरवू नका. बहिणीवर काय बेतलं ते तिला विचारल्याशिवाय एक ओळही नको. लिहिताना झोप उडाली तर वही मिटा, समुपदेशकाशी बोला. आणि त्या घरात आज एखादं लहान मूल राहत असेल, तर पुस्तकाचं नंतर बघू. आधी तक्रार करा.