‘सानुकूल चल’ की ‘स्वनिर्मित चल’?

सोलापुरातील एका वाचकाने विचारले आहे : “आम्ही मित्रांनी माइनक्राफ्ट हा संगणकावरील खेळ एकत्र खेळण्यासाठी सर्व्हर (खेळ चालवणारा सामाईक संगणक) भाड्याने घेतला असून त्याच्या मांडणीच्या सूचना मराठीत लिहीत आहोत. ‘कस्टम व्हेरिएबल’ला ‘सानुकूल चल’ म्हणावे का? खेळ चालू असताना त्याचे मूल्य बदलत नाही, मग त्याला ‘चल’ तरी का म्हणावे?”

‘चल’ अवश्य ठेवावा. दहावीच्या बीजगणितातील ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणामुळे तो सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि तेथेही त्याचा अर्थ ‘सतत हलणारा’ असा नसून ‘ज्याच्या जागी वेगवेगळ्या संख्या घालता येतात तो’ असा आहे. आपल्याच गावातला चादरीचा जॅकार्ड माग पाहावा. नक्षी बदलायची असली तरी माग तोच राहतो, छिद्रे पाडलेली कार्डे तेवढी बदलावी लागतात, आणि तीही विणकाम सुरू होण्याआधी. सर्व्हरच्या चलाचेही तसेच आहे. टेरोडॅक्टिलसारख्या पॅनेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळण्याच्या साधनात, ‘मॅक्स_प्लेअर्स’ नावाचा चल तयार करून तो ‘सर्व्हर.प्रॉपर्टीज’ या खेळाच्या मांडणीच्या फाइलमधील खेळाडूंच्या कमाल संख्येच्या ओळीशी जोडला, की सर्व्हर सुरू होताना त्याचे मूल्य त्या ओळीत लिहिले जाते. पुढे पॅनेलमध्ये 20 चे 30 केले, तरी सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत मर्यादा 20 चीच राहते.

माझी हरकत ‘सानुकूल’ला आहे. मराठीत वारा सानुकूल असतो, ग्रह सानुकूल असतात, परिस्थिती सानुकूल होते. म्हणजे या गोष्टी आपल्या बाजूने असतात, पण त्या आपण घडवलेल्या नसतात. येथे तर सर्व्हर सांभाळणारा स्वतःच चलाचे नाव आणि मूल्य ठरवतो, तो चल इतरांना दिसावा की नाही, बदलता यावा की नाही, हेही ठरवतो. म्हणून ‘स्वनिर्मित चल’ हाच शब्द मला अर्थाला धरून वाटतो.

आपण विचारलेले नाही, तरी ‘व्हॅल्यू’विषयी सांगणे आवश्यक आहे. गणितात आपण ‘क्ष ची किंमत काढा’ म्हणतो आणि त्यात काहीच खटकत नाही. परंतु भाड्याच्या सर्व्हरच्या सूचनांत ‘मेमरीची किंमत 4096 ठेवा’ असे लिहिले, तर वाचणारा रुपयांचा हिशेब करू लागेल. तेथे ‘मूल्य’ लिहावे आणि शक्य तेथे एककही द्यावे : “मेमरीच्या चलाचे मूल्य 4096 एमबी ठेवून सर्व्हर पुन्हा सुरू करावा.”