वाचकांचे प्रश्न : चर्चने काळाबरोबर किती बदलावे?

प्रश्न : समाज झपाट्याने बदलत असताना ख्रिस्ती चर्चने परंपरेला धरून राहावे, की काळाची पावले ओळखून बदलावे?

उत्तर : चर्च आजवर बदललेच नाही, हे गृहीतक आधी तपासून पाहावे लागेल. औद्योगिकीकरणाने कामगारांची दैना केली, तेव्हा पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये काढलेल्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आणि संघटना उभारण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. अर्थात, त्याच परिपत्रकात समाजवादाला ठाम विरोधही होता. पुढे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषांतील उपासनेला वाट मोकळी करून दिली आणि तोवर भाविकांकडे पाठ करून वेदीसमोर उभे राहणारे धर्मगुरू बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे तोंड करून मिस्सा (प्रभुभोजनाचा उपासनाविधी) अर्पण करू लागले. स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यास इंग्लंडच्या चर्चने १९९४ मध्ये सुरुवात केली. कॅथलिक चर्चमध्ये ते दार आजही बंद आहे. आमच्या मते, चर्चचा खरा कस लागतो तो सत्तेपुढे. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला धर्माचा आधार पुरवला, तर आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी त्याच बायबलच्या बळावर त्या व्यवस्थेविरुद्ध आवाज उठवला.