संध्याकाळच्या वर्गाला सरकारी पैसा हवा असेल तर आधी मानधनाचं बघा

ताई, तुमची नोंदणीकृत संस्था जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी ते पाचवीच्या वाचनात मागे पडलेल्या मुलांचा संध्याकाळी वर्ग घेते. देणगीदारांचा हात आखडलाय, म्हणून तुम्ही सरकारी अनुदानाच्या अर्जाचा नमुना मागितलाय. नमुना कुठेही मिळेल. पण अशा वर्गांचे प्रस्ताव बहुतेक एकाच ठिकाणी अडतात, ते म्हणजे मानधन. तेव्हा आधी त्याबद्दल लिहितो.

तुमच्या खर्चात पुस्तकं, वह्या, फळा हे थोडं. मोठा भाग शिकवणाऱ्या मुलींच्या मानधनाचा. सरकारी पैशाचं नेमकं उलट असतं. वस्तूंना तो पटकन मिळतो, माणसांना मिळत नाही. केंद्राकडून ग्रामपंचायतींना येणारा 15व्या वित्त आयोगाचा निधी घ्या, त्याची मुदत मार्च 2026 पर्यंतची होती. त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी होता. उरलेला 40 टक्के अबंधित, तो राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांवर खर्च करता येत होता आणि प्राथमिक शिक्षण त्यात आहे. हे वाचून आपण खूश होतो, पण पुढची ओळ अशी की पगार आणि आस्थापना खर्च, म्हणजे कार्यालय चालवायचा खर्च, त्यातून करता येत नव्हता. खासदार निधीलाही टिकाऊ मालमत्ता लागते. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून शाळेला मिळणारं वार्षिक अनुदान पटावर ठरतं: 31 ते 100 पटाला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार. त्यातच दुरुस्ती, वीजबिल, खडू, शिवाय किमान 10 टक्के स्वच्छतेवर. मुख्याध्यापकांकडे मानधन मागून त्यांना अडचणीत टाकू नका.

मग राहतं काय? ग्रामपंचायतीचा स्वनिधी, म्हणजे घरपट्टी वगैरेतून येणारा पैसा. त्यातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी राखून ठेवावाच लागतो आणि पुष्कळ गावांत तो मार्चमध्ये घाईघाईने कशावर तरी उडवला जातो. तुमच्या वर्गात कोणत्या घरांतली मुलं येतात हे यादीनिशी दाखवून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (आधीचे ग्रामसेवक) याच पैशाबद्दल बोला. गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखाली, असेल तर आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो, त्यावर निर्णय ग्रामसभेचा, आणि शिक्षण त्याच्या विषयांत आहे. जिल्हा परिषदेचा सेस, म्हणजे तिचा स्वतःचा निधी, हाही एक मार्ग, पण त्यासाठी अंदाजपत्रकाच्या आधी, जानेवारीतच, शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पोचलेला हवा.

वेळ चुकली की वर्ष गेलं. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरपासून सुरू होते आणि आराखडा पुढच्या आर्थिक वर्षाचा असतो. म्हणून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेतच विषय काढा, तोही पालकांच्या तोंडून. आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत 75 टक्के पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणं तिचंच काम आहे. मागणी समितीची आणि वर्ग चालवणार तुमची संस्था, अशी मांडणी ठेवा. बाहेरची संस्था पैसे मागतेय म्हटलं की सरपंच सावध होतात. गावातल्या आया मागताहेत म्हटलं की ऐकावंच लागतं, आणि मला तेच योग्य वाटतं.

प्रस्ताव दोन पानांचा पुरे. पहिल्या पानावर संस्थेचा इतिहास नको. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचून घ्या आणि नोंदवा: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, यातलं कुठवर येतं. 'चौथीतल्या 22 पैकी 9 मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही' असं एक वाक्य दहा ओळींच्या कळकळीपेक्षा जास्त काम करतं. मुलांची नावं मात्र प्रस्तावात घालू नका. तीन महिन्यांनी हीच चाचणी परत घेणार हेही लिहा. खर्चाच्या तक्त्यात मानधन सुटं दाखवा: शिकवणारी एक ताई, रोज दोन तास, महिना 3000, दहा महिने, एकूण 30000. याच शाळेतल्या शिक्षकांची नावं तिथे टाकू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 शिक्षकांना खासगी शिकवणी घेऊ देत नाही, आणि फाइल तिथेच थांबेल.

पैसा मंजूर झाला तर त्यासाठी वेगळं बँक खाते ठेवा, मानधन रोखीत न देता ताईंच्या खात्यावर टाका, हजेरीपटावर रोजची सही घ्या. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता विसरा. संस्थेचं लेखापरीक्षण धर्मादाय कार्यालयात वेळेवर दाखल आहे ना आणि नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंदणी आहे ना, हे आजच तपासा.

सगळं जमलं तरी जूनमध्ये पैसा हातात येईल असं धरू नका. दिवाळीपर्यंतचं मानधन दुसरीकडून उभं करा. जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याकडे सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकामासाठीचा पैसा, मागता येतो, पण त्याआधी संस्थेचा सीएसआर-1 हा नोंदणीचा फॉर्म भरलेला लागतो, 2021 पासून तो सक्तीचा आहे. वर्गातल्या ताईंनाही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की कोणत्या महिन्यापर्यंतचे पैसे नक्की आहेत. घरची कामं सांभाळून त्या येतात. त्यांना ताटकळत ठेवून वर्ग चालवू नका.